हजेरी मोठ्यानं वाच

अगं, निवडणुकीचा गुलाल धुऊन झाला असला तर आता निवांत बस आणि वाच. फोनवर हे सगळं सांगणं व्हायचं नाही, आणि तू माहेरी आलीस की भोवती दहा माणसं असतात. मी पाच वर्षं ग्रामपंचायतीची साधी सदस्य होते आणि पुढची पाच वर्षं सरपंच. त्या दहा वर्षांत जे हाताला लागलं ते तुझ्या ओटीत घालते. गटारं, रस्ते, दिवाबत्ती हे तुला लोकच शिकवतील, सकाळ-संध्याकाळ दारात येऊन शिकवतील. मी सांगते ते पैशाच्या राखणीचं. त्यातही रोजगार हमीच्या पैशाचं, कारण तो गावातल्या सगळ्यात गरीब घराचा असतो आणि हिशेब विचारायची भीतीही त्याच घराला सगळ्यात जास्त वाटते.

1972 च्या दुष्काळात मी अकरा वर्षांची होते. आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. रेशनला लाल मिलो यायचा, कामावर सुकडी मिळायची. ती आई पदराच्या टोकाला बांधून आमच्यासाठी आणायची. तिला अक्षर येत नव्हतं. पण मुकादम संध्याकाळी हजेरी मोठ्यानं पुकारायचा, आई ‘हाय’ म्हणायची, आणि घरी आली की चुलीमागच्या भिंतीवर कोळशाची एक रेघ ओढायची. पगाराच्या दिवशी रेघा मोजून जायची. एकदा दोन दिवस कमी निघाले, तर तिनं मुकादमाला घरी आणून भिंत दाखवली. त्यानं मुकाट्यानं दोन दिवस वाढवले. हिशेब तपासणं म्हणजे काय, ते मी त्या भिंतीपाशी शिकले. माझा सगळा कानमंत्र तिथूनच आलाय: ज्याचं नाव कागदावर आहे त्याच्या कानावर ते नाव पडलं पाहिजे.

त्या दुष्काळात राज्यात जवळपास 50 लाख माणसं अशा कामांवर होती. त्याआधीच, 1965 मध्ये, वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातल्या आपल्या विसापूर गावी गरजूला काम देण्याचा प्रयोग करून पाहिला होता. विधान परिषदेचे सभापती असलेला माणूस, पण ध्यास खेड्यातल्या रिकाम्या हातांचा. पुढं 1977 साली राज्यानं कायदा केला, 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम देणं सरकारला कायद्यानं बांधील झालं, ते आपल्या महाराष्ट्रात पहिल्यांदा. आणि त्यासाठी पैसा उभा करायला 1975 मध्ये नोकरदारांवर व्यवसाय कर बसवला होता. तुझ्या भावाच्या पगाराच्या चिठ्ठीवर दरमहा 200 रुपये कापलेले दिसतात ना, फेब्रुवारीत 300, त्याचं मूळ या दुष्काळी माळावर आहे. म्हणून सांगते, पंचायतीत बसून या पैशाला ‘वरून आलेला’ म्हणू नकोस. तो कुणाच्या तरी पगारातून निघालेला असतो आणि कुणाच्या तरी चुलीपर्यंत पोचायचा असतो.

2005 मध्ये केंद्राचा कायदा आला, 100 दिवसांचा. 2025 च्या डिसेंबरात संसदेनं त्याच्या जागी 125 दिवसांचा नवा केला. नियमांच्या बारीकसारीक गोष्टी तालुक्याला जाऊन नव्यानं समजून घे, शासन निर्णयाची प्रत माग. मी सांगते ते मात्र दोन्ही-तिन्ही कायद्यांत उपयोगी पडेल, कारण कायद्याचं नाव काहीही असो, गावात कागद तेच असतात: मागणीचा अर्ज, हजेरीपट, मोजमाप पुस्तिका आणि ठराव.

ठरावापासून सुरुवात करते, कारण माझी पहिली चूक तिथंच झाली. पहिल्याच वर्षी मासिक सभेच्या प्रोसिडिंग बुकात माझ्यापुढं पान आलं. वर विषय लिहिलेले, मधे अर्धं पान मोकळं, खाली सह्या. पान पुढं करणारे म्हणाले, हजेरीची सही आहे, बाकीचं सावकाश लिहून घेऊ. मी केली. महिन्याभरानं कळलं की त्या मोकळ्या जागेत दोन ठराव बसले होते आणि एकावर सूचक म्हणून माझं नाव होतं. ज्या कामाबद्दल सभेत शब्द निघाला नव्हता, त्या कामाचं बिल माझ्या नावानं मंजूर झालं होतं. मला आजही ते आठवलं की अन्न गोड लागत नाही. तेव्हापासून मी नेम केला, तोच तू कर. सभा संपली की जागेवरच इतिवृत्त लिहून घ्यायचं, सगळ्यांपुढं वाचायला लावायचं, शेवटच्या ओळीला लागून सही करायची. आणि उरलेल्या पानावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ मारायची. रेघ मारताना कुणी हसलं तर हसू दे. आणि सही तुझी तूच कर. भाचेजावई भला माणूस आहे, पण सभेत खुर्ची तुझी आहे. पहिल्या सभेला ते सोबत आले तर दारापर्यंत येऊ देत, आत नको. हे त्यांना तू आधीच घरी गोडीनं सांग. चारचौघांत सांगायची वेळ आणू नकोस.

आता पोच. या एका शब्दापायी गावंच्या गावं कामाला मुकतात. काम मागणाऱ्यानं अर्ज द्यायचा, आपल्याकडं त्याला नमुना 4 म्हणतात. अर्ज दिल्यापासून 15 दिवसांत काम मिळालं नाही तर बेकारी भत्ता देय होतो. 2005 च्या कायद्यानं पहिले 30 दिवस मजुरीच्या निदान पाव हिश्शानं आणि पुढं निदान निम्म्यानं. पण बायका काय करतात? रोजगार सेवकाला वाटेत गाठून म्हणतात, ‘दादा, काम निघालं की सांगा.’ तो ‘बरं’ म्हणतो. झाली मागणी! त्या तोंडच्या मागणीला तारीख नाही, आणि तारीख नाही म्हणून पंधरा दिवस कधी सुरूच होत नाहीत. मग वरच्या कागदावर येतं की या गावात कामाला मागणीच नाही. होळीच्या आधी, शेतातली कामं सरत आली की एका दुपारी समाजमंदिरात पाच-पंचवीस बायका जमव. बचत गटाच्या असतील तर उत्तम, त्यांना एकमेकींचा धीर असतो. सगळ्यांचे अर्ज एकदम भर, एकदम दे, आणि प्रत्येकीच्या हातात तारीख, सही, शिक्का असलेली पोच पडेपर्यंत कार्यालयातून हलू नकोस. रोजगार सेवक टाळाटाळ करत असेल तर भांडू नको. कार्यक्रम अधिकारी म्हणून तहसीलदारांकडं अर्ज देता येतो, हे तुला माहीत आहे एवढं त्याला नुसतं कळू दे.

मजुरी उशिरा आली तरीही असंच. मस्टर, म्हणजे हजेरीपट, संपल्यावर 15 दिवसांच्या पुढं गेली तर दर दिवसाला 0.05 टक्के भरपाई. 1,500 रुपयांवर रोजचे 75 पैसे. एवढ्याशा रकमेसाठी कोण भांडणार, असं लोक म्हणतील. तू माग. ती भरपाई द्यायची झाली की उशीर कुणाच्या टेबलावर झाला ते लिहावं लागतं, आणि लिहावं लागलं की पुढची बिलं वेळेवर सरकतात. हा माझा अनुभव आहे.

मुख्य गोष्ट हजेरीची. मी सदस्य होते तेव्हा गावतलावातला गाळ काढायचं काम चाललं होतं. त्याच सुमाराला एका प्रशिक्षणात मी राजस्थानची हकिगत ऐकली. पाली जिल्ह्यातल्या कोट किराना गावी 2 डिसेंबर 1994 रोजी अरुणा रॉय आणि मजदूर किसान शक्ती संघटनेच्या लोकांनी जनसुनवाई भरवली आणि सरकारी कामांचे कागद गावापुढं वाचून दाखवले. लोकांनी ऐकलं आणि उठून सांगितलं, हे काम झालंच नाही, हा माणूस इथं राहतच नाही. तिथून सुरू झालेली वाट पुढं 2005 च्या माहितीच्या अधिकारापर्यंत गेली. ते ऐकून मला आईचा मुकादम आठवला. तो पुकारायचा म्हणून ती रेघ ओढू शकायची. आता हजेरी कागदात गेली, कागद संगणकात गेला, आणि आवाज मात्र बंद झाला.

परत आल्यावर मी मस्टरच्या प्रती काढल्या आणि एका संध्याकाळी कामावरच, चिंचेखाली, वाचायला घेतल्या. नाव, दिवस, रक्कम. अर्धी यादी होईपर्यंत काही नाही. मग एक नाव आलं, 12 दिवसांचं, आणि मागं बसलेली एक बाई उठून उभी राहिली. ते तिच्या लेकीचं नाव होतं. लेक तीन वर्षांपूर्वी लग्न होऊन गेलेली. ती बाई माझ्याकडं बघून म्हणाली, ‘तिला दिवाळीलासुद्धा धाडत नाहीत. ती इथं बारा दिवस घमेली उचलून गेली, आणि मला भेटली नाही?’ कुणी काही बोललं नाही. घमेलं हातात असलेल्या बाईनं ते हळूच खाली ठेवलं. मुकादम जवळच उभा होता; त्याच्याकडं त्या मुलीचं जुनं जॉबकार्डही होतं आणि पासबुकही. पैसे परत भरले गेले. पण मला त्याहून जवळची वाटते ती पुढची गोष्ट: भावकीतली दोन माणसं दुसऱ्या दिवशी त्या मुलीच्या सासरी गेली आणि तिला चार दिवसांसाठी माहेरी घेऊन आली.

त्या दिवशी मी एकदाही ‘चोर’ म्हटलं नाही, आणि तूही म्हणू नकोस. नाव वाच, थांब, विचार: हे कोण? तो प्रश्न पुरेसा असतो. आरोप केलास की गावात दोन तट पडतात आणि सगळे कागद सोडून माणसाच्या जातीवर, घराण्यावर जातात. प्रश्न विचारलास तर तट पडायला जागाच राहत नाही. दर आठवड्याला वाच. सहा महिन्यांतून एकदा ग्रामसभेपुढं सामाजिक अंकेक्षण व्हायचं असतं, ते होऊ दे, त्यात बस. पण सहा महिन्यांनी कुणाला आठवतं त्या मंगळवारी कामावर कोण होतं? आठवण ताजी असताना वाचलं तर माणसं ठामपणे बोलतात.

मोबाइलवर दोन वेळा फोटो काढून हजेरी लागते, त्यावर विसंबून राहू नकोस. फोटोचाच फोटो काढून चढवल्याचे प्रकार इतके झाले की 2025 मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयालाच राज्यांना पत्र धाडून खबरदारी घ्यायला सांगावं लागलं. आणि पासबुकं. प्रत्येक मजूर बाईला विचार, तुझं पासबुक कुठं आहे? ‘दुकानदाराकडं’ किंवा ‘मुकादमाकडं’ असं उत्तर आलं तर त्याच दिवशी तिच्यासोबत जाऊन ते घरी आण. उधारीचं ती नंतर बघेल.

हजेरी खरी असली तरी माप खोटं असू शकतं. मातीकामाची मजुरी मापावर पडते: लांबी, रुंदी, खोली. लांबी-रुंदी कुणीही नंतर मोजू शकतं, म्हणून त्यात सहसा हात घालत नाहीत. खाल्ली जाते ती खोली. 10 मीटर लांब, 3 मीटर रुंद खड्डा 30 सेंटिमीटर खोल असला तर 9 घनमीटर माती निघते. पुस्तिकेत 45 सेंटिमीटर लिहिलं की झाले साडेतेरा. पहिला पाऊस पडला, गाळ बसला, की खरं काय ते देवालाच ठाऊक. म्हणून पावसाच्या आधी मोज. खणताना खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक खुंट न खणता ठेवायला सांग. मूळ जमीन कुठवर होती ते त्यावरून दिसतं. मोजताना चार कोपऱ्यांत आणि मधे अशी पाच ठिकाणी खोली घे, सरासरी काढ. आणि हे उलटंही घडतं, हे विसरू नको. काम पुरं झालेलं असतं, पण अभियंता कार्यालयात बसून कमी माप टाकतो आणि बायकांच्या हातात ठरल्या दराच्या निम्मी मजुरी पडते. मुरमाड, कठीण जमिनीला मऊ मातीचा दर लावला तरी तेच. तुझं मोजणं जेवढं जास्त मापाविरुद्ध, तेवढंच कमी मापाविरुद्ध हवं. बायकांना हे एकदा दिसलं ना, की त्याच तुझ्या टेपचं दुसरं टोक धरायला धावतील.

काम हातानं झालं की यंत्रानं, हे ओळखायला बांधाची कड हात लावून बघ. टिकावाचे घाव आखूड, वेडेवाकडे, एकमेकांवर चढलेले असतात. जेसीबीच्या दातांच्या रेघा लांब, सरळ, सारख्या अंतरावर. रात्री यंत्र आणि दिवसा मस्टर, हा खेळ दुष्काळी तालुक्यात मी अनेकदा पाहिला. हमीच्या कामावर ठेकेदार चालत नाही आणि मजुरांचं काम हिरावणारं यंत्रही नाही, असं 2005 चा कायदा स्पष्ट सांगत होता. तुला त्या रेघा दिसल्या तर त्याच सकाळी, ऊन तिरपं असताना, शेजारी वर्तमानपत्र धरून फोटो काढ. दुपारनंतर तिथं फावडं फिरलेलं असतं.

मालाचा भाग, म्हणजे सिमेंट, खडी, विटा, याचं प्रमाण त्या कायद्यानं चाळीस टक्क्यांपर्यंत आणि मजुरीचं निदान साठ. ज्यांना कमवायचं असतं त्यांचा डोळा त्या चाळीसवर. मी कुठली इंजिनीअर नाही, पण एक सोपी युक्ती मला एका म्हाताऱ्या गवंड्यानं दिली: रिकाम्या गोण्या मोज. अंदाजपत्रकात किती पोती सिमेंट आहे ते लिहून घे, गवंड्याला सांग की रिकामी गोणी फेकायची नाही, दहा-दहाच्या चवडी लावून ठेवायच्या. काम संपल्यावर गोण्या मोज. 80 लिहिलीत आणि 52 सापडली तर बिलाच्या सभेत त्या चवडी नुसत्या आणून ठेव.

लाभार्थ्यांच्या यादीचं थोडक्यात. सिंचन विहीर, घरकुल, फळबाग, यादी ग्रामसभेत क्रमानं वाचली गेली पाहिजे, गट नंबरासकट. विधवेचं घर, अपंगाचं घर, अल्पभूधारक वर आहेत का बघ. आणि आपल्या घरातलं कुणी त्यात असेल तर ते तूच पहिल्यांदा सांग. पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 महिला-बालकांसाठी, 5 दिव्यांगांसाठी खर्च व्हायचे असतात. मार्चमध्ये घाईनं काहीतरी खरेदी दाखवतात, तू सप्टेंबरातच विचार. वित्त आयोगाच्या पैशात बंधित किती, अबंधित किती, बंधितमधून पाण्याचं आणि स्वच्छतेचंच काम निघालंय ना, एवढं दर तिमाहीला लिहून घेत जा.

ग्रामसभेची एक खोच ध्यानात ठेव. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 माणसं, यात जे कमी असेल ते. तेवढी जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. ज्यांना गर्दी नको असते ते पहिली सभा मोडू देतात आणि दुसऱ्या दिवशी वीस जणांत सगळं मंजूर करून घेतात. म्हणून तुझी खरी मेहनत सभेच्या आदल्या आठवड्यात. सात दिवस आधी नोटीस लागली पाहिजे; लागली की तिचा फोटो काढ, वाड्यावस्त्यांवर स्वतः जा. महिला ग्रामसभा आधी होते, तिथं ठरलेलं मोठ्या सभेत वाचून घे. पुढच्या वर्षाची हमीची कामं 15 ऑगस्ट ते 2 ऑक्टोबरच्या सभांत यादीवर चढतात. तिथं चढलं नाही तर उन्हाळ्यात रडून उपयोग नसतो. पाणंद रस्त्याआधी बांधबंदिस्ती, गाळ, जुन्या विहिरींचं पुनर्भरण धर. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं 1990 च्या दशकात हमीची कामं अशीच डोंगरउतारावर पाणी अडवायला वळवली आणि मग पावसावर गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडू लागले. तिथल्या पोपटराव पवारांना भेटायला एकदा बचत गटाच्या बायकांना घेऊन जा. तिथं पाण्याचा हिशेब गावापुढं मांडतात, तो बायकांच्या डोळ्यांखालून जाऊ दे.

ग्रामपंचायत अधिकाऱ्याशी वैर धरू नकोस. त्याच्याकडं कामं ढीगभर असतात आणि तोही कुणाच्या तरी दबावाखाली असतो. चांगलं काम केलं तर सभेत नाव घेऊन सांग. पण प्रत तोंडी मागू नकोस, लेखी माग; नाही दिली तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा स्टॅम्प लावून माग, 30 दिवस मोज. एकटी कुठं जाऊ नकोस. रात्री-अपरात्री ‘कागद दाखवतो, या’ म्हणून फोन आला तर सकाळी कार्यालयात या म्हण.

भीती वाटेल. मलाही वाटायची, अंगणात रात्री पावलं वाजली की. मग मी वाचलेल्या हजेरीतली नावं मनात घोकायची, एकेका बाईचं, आणि झोप लागायची.

या पत्रासोबत तुझ्या भावाच्या हाती माझा टेप पाठवते. 30 मीटरचा आहे, कापडी. पहिल्या दीड मीटरवरचे आकडे घासून पुसलेत, तिथून माप धरू नकोस. दोन मीटरच्या रेघेपासून धर आणि शेवटी दोन वजा कर. ओला झाला तर गुंडाळायच्या आधी सावलीत वाळव, उन्हात नको. तुझ्या गावच्या नाल्याचं काम सोमवारी सुरू होतंय असं भाऊ म्हणाला. पहिल्या दिवशी जा, खुंट सोडायला सांग, आणि संध्याकाळी हजेरी वाचलीस की मला फोन कर. किती नावं वाचलीस आणि किती ‘हाय’ आले, तेवढं सांग.